प्रोग्रामचेही चावडीवाचन व्हावे

‘कॉम्प्युटर घेत नाही.’ गावात आज हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येते, तितक्या वेळा ‘पाऊस नाही’ हेही कानावर येत नसेल. अनुदानाचा अर्ज कॉम्प्युटर घेत नाही. सामाईक गट कॉम्प्युटर घेत नाही. आधारवर नाव वेगळे आणि सातबाऱ्यावर वेगळे, म्हणून कॉम्प्युटर घेत नाही. कास्तकार सेवा केंद्रावरून परत फिरतो, तलाठ्याकडे जातो, तलाठी त्याला आमच्याकडे पाठवतो आणि आम्ही तालुक्याला पाठवतो. या फेऱ्यांत दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि अर्जाची शेवटची तारीख निघून जाते. दोष कोणाचा, असे विचारले तर सगळे मशीनकडे बोट दाखवून मोकळे होतात.

मशीन स्वतःहून काही घेत नाही आणि काही नाकारतही नाही. कोणीतरी कुठेतरी बसून त्याला तसे सांगून ठेवलेले असते. त्या सांगण्यालाच प्रोग्राम म्हणतात. प्रोग्राम नीट लिहिला आणि नीट तपासला तर कास्तकाराचे काम पाच मिनिटांत होते. घाईत लिहिला आणि न तपासता लावला तर गावच्या गाव हेलपाटे घालते. म्हणून प्रोग्राम कसा लिहिला जातो हा विषय शहरातल्या इंजिनिअर लोकांपुरता राहिलेला नाही. खत-बियाण्याइतकाच तो आपलाही झाला आहे.

आज हे लिहिण्याचे कारण म्हणजे प्रोग्राम लिहिण्याची पद्धतच बदलू लागली आहे. पूर्वी माणूस ओळ न् ओळ लिहायचा. आता ‘मला असे असे पाहिजे’ एवढे साध्या भाषेत सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, शेकडो ओळी मिनिटभरात लिहून देते. २०२१ मध्ये कोपायलट नावाचा असा मदतनीस आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि मग तर रांगच लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपथी या नामांकित संगणकतज्ज्ञाने या प्रकाराला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले. मशीन लिहील ते घ्यायचे, आतले वाचतही बसायचे नाही, चालले म्हणजे झाले, असा त्याचा अर्थ. हा शब्द इतका चालला की कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाने त्याला २०२५ चा ‘वर्षाचा शब्द’ ठरवले.

गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले की त्यांच्या कंपनीतला पाव हिश्शाहून अधिक नवा कोड एआय लिहिते. हे वाक्य सगळीकडे फिरले. त्याच वाक्यात पुढे आणखी एक गोष्ट होती: तो कोड नंतर इंजिनिअर तपासतात आणि मगच स्वीकारतात. हा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या ठेकेदारांनी पहिला अर्धा भाग तेवढा उचलला आणि दुसरा सोडून दिला, तर त्याची किंमत कोण मोजणार? शेवटी यादीत नाव शोधणारा कास्तकारच.

दोन कर्जमाफ्या, दोन पद्धती

न तपासलेल्या प्रोग्रामने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २४ जून २०१७ रोजी राज्याने ३४ हजार २२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असे सांगितले गेले. अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. सप्टेंबरपर्यंत सेवा केंद्रांपुढे रांगा होत्या. कुठे सर्व्हर बंद, कुठे अंगठा जुळत नाही, असे चालले होते. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली आणि त्यानंतर याद्यांतल्या चुका बाहेर येऊ लागल्या. एकच आधार क्रमांक अनेक नावांसमोर दिसला. बँकांची माहिती आणि पोर्टलची माहिती जुळेना. हिरवी, पिवळी, लाल अशा याद्यांचे रंग लोकांना पाठ झाले, पण आपले नाव कोणत्या रंगात आहे ते कळेना. दिवाळी गेली, रब्बीची पेरणी आली, तरी बँकेत विचारणा चालूच होती.

त्या वेळी एआय नव्हते, हे लक्षात घ्या. नडली ती घाई. इतक्या मोठ्या योजनेचा प्रोग्राम लिहून, तपासून, चुका काढून लावायला जो वेळ लागतो, तो दिलाच गेला नाही.

आता दुसरे उदाहरण. पुढची कर्जमुक्ती २१ डिसेंबर २०१९ रोजी आपल्या नागपुरातच, हिवाळी अधिवेशनात जाहीर झाली. या वेळी शेतकऱ्याकडून लांबलचक अर्ज मागवले नाहीत. माहिती बँकांकडून घेतली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादी सगळ्या राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातली दोन, अशी ६८ गावे घेतली आणि त्यातली १५ हजार ३५८ नावे लावली. तिथे आधार जुळते का, रक्कम बरोबर आहे का, तक्रार आली तर कुठे जाते, हे पाहिले आणि मगच मोठ्या याद्या सोडल्या. त्यातही काही लोक राहून गेले आणि तक्रारी झाल्या, हे खरे. पण ६८ गावांत सापडलेली चूक ६८ गावांतच थांबवता येते. सगळ्या राज्यात एकदम सोडलेली चूक थांबवता येत नाही.

कोणत्या सरकारने काय केले, हा या लेखाचा विषय नाही. राज्य तेच, गावे तीच आणि कास्तकारही तेच होते. फरक कामाच्या पद्धतीत होता. आधी थोड्यावर करून पाहणे, मग सगळीकडे नेणे, ही ती पद्धत. आम्ही कृषी विस्तारवाले दुसरे काय करतो? नवे वाण आले की एकदम गावभर पेरा म्हणत नाही. एका वावरात पीक प्रात्यक्षिक घेतो, शेजारी जुने वाण ठेवतो आणि शेतीदिनाला लोकांना धुऱ्यावर उभे करून दाखवतो.

गावाचे बारकावे मशीनला कोण सांगणार?

एआयने लिहिलेला प्रोग्राम बहुतेक वेळा दिसायला देखणा असतो. बटणे जागच्या जागी, रंग छान, दोन-चार अर्ज भरून पाहिले तर झटक्यात जातात. पाहणारा खूश होतो. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. ती भाताला लागू पडते, कारण एका भांड्यातली शिते सारखीच शिजतात. गावातले कास्तकार असे सारखे नसतात.

आपल्या सातबाऱ्याचेच पाहा. एका गावात एकाच नावाचे तीन माणसे असतात, वडिलांचे नावही कधी कधी तेच. कुठे बापाला जाऊन दहा वर्षे झाली तरी वारस नोंद झालेली नसते. कुठे चार भावांचे सामाईक खाते आणि कसणारा एकटाच. कुठे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लागलेले, आणि तो अज्ञान मुलगा आता चाळीस वर्षांचा. बाईचे सातबाऱ्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. कोणाच्या नावापुढे ‘राव’, कोणाच्या ‘जी’, तर कोणाच्या ‘बाई’. हे सगळे खरे लोक आहेत, आणि प्रोग्रामच्या लेखी हेच सगळे ‘चुकीचे अर्ज’ ठरतात.

क्षेत्राचा घोळ तर विचारू नका. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. पण लिहिणाऱ्याने घाईत १.५ लिहिले तर मशीन ते एक हेक्टर पन्नास आर वाचते. फरक पंचेचाळीस आरांचा, म्हणजे एक एकराहून जास्त! अशी नोंद दिसली की ‘हे क्षेत्र नक्की आहे काय?’ असे प्रोग्रामने थांबून विचारायला हवे. पण तसे विचारायचे असते, हे ज्याने कधी सातबारा हातात धरला आहे त्यालाच सुचणार.

आणखी एक बारीक गोष्ट. पीएम किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतची अट होती. जून २०१९ पासून ती काढली. आता ‘दोन हेक्टरपर्यंत’ आणि ‘दोन हेक्टरपेक्षा कमी’ यात मराठीत एका शब्दाचा फरक, प्रोग्रामात एका चिन्हाचा. पण बरोबर दोन हेक्टरवाला पहिल्यात आत राहतो आणि दुसऱ्यात बाहेर पडतो. अशी चूक माणूसही करतो, एआयही करते. प्रश्न एवढाच की बरोबर दोन हेक्टरवाल्याचा अर्ज आधी कोणी भरून पाहिला होता काय?

आम्ही राहतो त्या प्रताप नगरातला एक मुलगा जवळच्याच आयटी पार्कात नोकरीला आहे. घरची पऱ्हाटीची शेती हिंगण्याकडे. त्याने गावच्या लोकांसाठी एआयकडून फवारणीचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम एका संध्याकाळी बनवून घेतला. औषधाचे नाव टाका, पंप किती लिटरचा ते टाका, मात्रा हजर. साध्या पाठीवरच्या पंपाचा हिशेब अगदी बरोबर येत होता. पण पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी कमी लागते, म्हणून औषधाचे प्रमाण तिप्पट घ्यावे लागते, हे त्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हते. पंप कोणता, हा प्रश्नच त्यात नव्हता. मुलाने सांगितले नाही आणि मशीनने विचारले नाही.

चूक लक्षात आली ती तपासताना. त्या मुलाने शहाणपणा केला. गावात लगेच वाटला नाही. आधी वीस-बावीस हिशेब कागदावर उत्तरासकट लिहून घेतले, दोन्ही पंपांचे, वेगवेगळ्या औषधांचे, आणि एकेक करून प्रोग्रामला घातले. जिथे उत्तर चुकले तिथे दुरुस्त केले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासले. प्रोग्राम एका संध्याकाळी झाला, तपासणीला पंधरा दिवस लागले. हे पंधरा दिवस वाया गेले असे कोणी म्हणू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाच्या बाबतीत ‘अंदाजे बरोबर’ चालत नाही.

आपल्या दप्तरातली शिस्त

सॉफ्टवेअरमधली चांगली शिस्त म्हणजे काही परदेशी विद्या आहे असे समजू नका. आपल्या महसुली दप्तरात ती जुनीच आहे. फेरफार कसा होतो ते आठवा. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो नोंद लिहितो. पण ती लिहिली म्हणून लागत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा. तलाठी कितीही हुशार असो, स्वतःची नोंद स्वतः प्रमाणित करत नाही.

चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीत अगदी हेच चालते. एकाने लिहिलेला कोड दुसरा वाचतो, शंका काढतो आणि मगच तो पुढे जातो. एआयने लिहिलेल्या कोडला तर हा नियम दुप्पट लागू करायला हवा. माणूस अडला तर ‘मला हे समजले नाही’ म्हणतो. एआय मात्र चुकीची गोष्टही त्याच ठसक्यात सांगते ज्या ठसक्यात बरोबर सांगते. वाचणाऱ्याने सावध नको राहायला?

गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हीही तीच शिस्त. जमिनीत आजवर काय काय बदल झाले, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, हे क्रमांकानिशी त्यात असते. आजचा सातबारा चुकला तर मागचे फेरफार काढून चूक नेमकी कुठे शिरली ते शोधता येते. प्रोग्राममध्येही प्रत्येक बदलाची अशी नोंद ठेवायची असते. काल चालत होते आणि आज बंद पडले, तर कालपासून काय बदलले ते पाहता आले पाहिजे.

आणि सर्वांत मोठे उदाहरण चावडीवाचनाचे. सातबारे संगणकावर चढवले तेव्हा त्यात चुका राहिल्या. नाव गळाले, क्षेत्र बदलले, इतर हक्कातला बोजा राहून गेला. मग २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव संगणकातले सातबारे लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले. ‘अरे, हा गट तर माझ्या काकाचा होय,’ ‘माझी विहीर कुठं गेली?’ असे लोक जागेवर बोलले, चुका टिपल्या गेल्या आणि दुरुस्तीला लागल्या. ज्याचे वावर त्याच्यासमोर वाचले की चूक लपत नाही. कोणत्याही इंजिनिअरला किंवा एआयला घरबसल्या जी चूक दिसली नसती, ती पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला दिसली.

परदेशातही तेच

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत एक प्रकार घडला. जेसन लेमकिन नावाचे उद्योजक रेप्लिट या कंपनीच्या एआयकडून प्रोग्राम बनवून घेत होते. ‘आता काहीही बदलू नकोस’ अशी स्पष्ट सूचना देऊनही त्या एआयने चालू डेटाबेसच पुसून टाकला. हजाराहून अधिक कंपन्यांची माहिती त्यात होती. वर ‘आता ती परत आणता येणार नाही’ असेही सांगितले. प्रत्यक्षात ती परत आणता आली. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि उपाय काय केला? प्रयोगाचा डेटा वेगळा आणि खरा डेटा वेगळा ठेवायची सोय केली. ही शिस्त एआयच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रयोगाचा वाफा वेगळा ठेवायचा, बियाण्याच्या कोठीत प्रयोग करायचा नाही.

वेळेचेही पाहू. मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामर घेतले आणि त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे त्यांना दिली. काही कामांत एआय वापरायची मुभा होती, काहींत नव्हती. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्या लोकांना वाटत होते की आपले काम २० टक्के लवकर झाले! अभ्यास लहान आहे, २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांवरचा आहे आणि जाणत्या लोकांपुरता आहे. त्यावरून एआय निकामी आहे असे म्हणता येणार नाही. पण ‘वेळ वाचला असे वाटणे’ आणि ‘वेळ वाचणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे त्यातून नक्की समजते. एकरी उतारा वाढला असे वाटणे आणि काट्यावर वजन करणे यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.

ब्रिटनचा डाक खात्याचा प्रकार तर अंगावर काटा आणतो. होरायझन नावाच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये दोष होते. मशीनमध्ये पैसे कमी दिसले की ते माणसाने खाल्ले असे धरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्ट चालवणाऱ्यांवर गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार मोडले. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून अशा शिक्षा रद्द केल्या. मशीन खोटे बोलत नाही, माणूसच बोलतो, असे धरून चालले की असे होते. आपल्या गावातल्या सेवा केंद्रचालकाने, ग्रामसेवकाने, कोतवालाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. उद्या आकडा चुकला तर विचारणा तुम्हालाच होईल.

साधन चांगले, शिस्त सोडली तर?

कोणी म्हणेल, हे लोक दरवेळी नव्याला विरोध करतात. विरोध नाही. राज्याने जून २०२५ मध्ये शेतीसाठी एआयचे धोरण मंजूर केले, त्याला पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. महाविस्तार ॲपमधून कास्तकाराला मराठीत सल्ला मिळतो. बारामतीला उसावर एआयचे प्रयोग झाले. आपल्या नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनेही गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्याला एआय जोडून पाहिले आहे. ही कामे चांगली आहेत, व्हायला पाहिजेत. पंचनाम्याचे तक्ते जुळवणे, पत्राचा मसुदा करणे, मोठ्या यादीतली दुबार नावे शोधणे यात एआयची मदत मोठी आहे. ज्याला काम येते त्याच्या हातात हे साधन चांगले चालते.

पण साधन आले की शिस्त सोडायची, ही आपली जुनी खोड आहे आणि तिची किंमत आपण एकदा मोजली आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीचा त्रास गेला, फवारे कमी झाले. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर बीटी बियाणे यायचे. ते कडेने पेरा, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, असे सांगितले जायचे. किती जणांनी पेरले? बहुतेकांनी ती पुडी धुऱ्यावर फेकली. ‘एवढ्या जागेत कापूस कमी कशाला करू?’ हा हिशेब. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये विदर्भाच्या पऱ्हाटीत ती काय धुमाकूळ घालून गेली ते सगळ्यांनी पाहिले. पुडी न पेरणे हे एकच कारण नव्हते. लांबवलेला हंगाम आणि फरदडही होतीच. पण जी साधी शिस्त सांगितली होती ती बिनकामाची वाटली म्हणून सोडली, हे खरे.

प्रोग्रामच्या तपासणीचे असेच आहे. सगळे सुरळीत चालते तोवर ती वेळखाऊ वाटते. ठेकेदाराला ती खर्च वाटते, अधिकाऱ्याला उशीर वाटतो. तपासणी न करणाऱ्याचे त्या दिवशी काहीच नुकसान होत नाही. नुकसान होते सहा महिन्यांनी, आणि तेही दुसऱ्याच माणसाचे.

आता काय करावे?

यासाठी मोठा कायदा लागत नाही. काही साध्या गोष्टी शासनाने, काही गावाने कराव्यात.

पहिली गोष्ट. शेतकऱ्यांसाठी कोणतेही नवे पोर्टल किंवा ॲप येणार असेल तर आधी प्रत्येक तालुक्यातल्या दोन गावांत ते चालवून पाहावे. एक गाव रेंजमधले घ्यावे, एक रेंजबाहेरचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हा मोबाईल घेऊन रेंज शोधत फिरणारे कास्तकार आपण पाहिले आहेत. हे आधी दोन गावांत दिसते तर बरे.

दुसरी गोष्ट. तपासणीचे अर्ज कार्यालयात बसून बनवू नयेत. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि सेवा केंद्रचालक यांना बसवून गावातले शंभर अवघड नमुने काढावेत: सामाईक खाते, वारस न लागलेले, बरोबर दोन हेक्टरवाले, एकाच नावाचे तिघे. सोयाबीनचे घरचे बियाणे आपण कसे तपासतो? गोणपाटावर शंभर दाणे मांडतो आणि सत्तर उगवले तर पेरायला घेतो. प्रोग्रामला मात्र शंभरपैकी शंभर पाहिजेत, कारण न उगवलेला प्रत्येक दाणा इथे एक कुटुंब असते. आमचे पदनाम २०२५ मध्ये ‘सहायक कृषी अधिकारी’ झाले, पण गावात आम्हाला कृषी सहायकच म्हणतात आणि हे नमुने आम्हाला तोंडपाठ असतात. कोणी विचारले तर सांगू.

तिसरी गोष्ट. प्रोग्राम एआयने लिहिला की माणसाने, हे ठेकेदाराने लेखी सांगावे. तो वाचून कोणी तपासला, त्याचे नाव आणि सही असावी. बियाण्याच्या पिशवीवर खूणचिठ्ठी असते. उगवण किती, शुद्धता किती, तपासणीची तारीख काय, सगळे लिहिलेले असते. उगवण झाली नाही तर तक्रार कोणावर करायची ते त्यावरून कळते. एआय सही करत नाही आणि ग्राहक मंचातही उभे राहत नाही. जबाबदार माणूसच लागतो.

चौथी गोष्ट. लाभार्थ्यांची यादी अंतिम करण्याआधी ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि हरकतीला पंधरा दिवस द्यावेत. आणि सर्व्हर बंद असलेले दिवस मुदतीत धरू नयेत. मशीनच्या आजारपणाची शिक्षा अर्जदाराला कशासाठी?

आता गावाचे काम. ‘कॉम्प्युटर घेत नाही’ एवढे ऐकून परत येऊ नका. काय टाकले, मशीनने काय दाखवले, तारीख आणि वेळ काय, हे लिहून घ्या. मोबाईलवर पडद्याचा फोटो काढा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. ग्रामपंचायतीत अशा अडचणींची एक नोंदवही ठेवता येईल. एका माणसाची तक्रार म्हणजे रडगाणे समजतात. पन्नास तक्रारी तारखेनिशी एका वहीत असल्या की प्रोग्रामची चूक कुठे आहे ते इंजिनिअरला तासाभरात सापडते. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी ही वही दर महिन्याला तालुक्याला दाखवावी.

आणि गावातली जी पोरे-पोरी कॉम्प्युटर शिकून राहिली आहेत त्यांना एक सांगणे. एआय जरूर वापरा, पण आधी स्वतः लिहायला आणि वाचायला शिका. बैल घेतला म्हणून डवरणी येत नाही आणि ट्रॅक्टर घेतला म्हणून शेती येत नाही. मशीनने लिहिलेले तुम्हाला वाचता येत नसेल तर ते चुकले हे तुम्हाला कळणार कसे? नागपुरात, मिहानमध्ये, पुण्यात नोकऱ्या आहेत. त्या पुढेही चुका ओळखणाऱ्यालाच मिळतील.

येत्या खरिपाच्या तोंडावर पुन्हा अर्ज सुरू होतील, याद्या लागतील. त्या वेळी गावात कोणी विचारले, ‘साहेब, हे पोर्टल आधी कुठं चालवून पाह्यलं होतं?’ तर त्याचे उत्तर आमच्याजवळ असले पाहिजे. ते उत्तर देण्याची सोय शासनाने आतापासून करावी, आणि हा प्रश्न विचारण्याची सवय गावाने आतापासून लावून घ्यावी.

(लेखक कृषी विस्ताराचे काम करतात. लेखातील मते त्यांची व्यक्तिगत आहेत.)